‘पेमेंट’च्या पुढचा छोटा शब्द: ‘विदिन’ की ‘आफ्टर’?



‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणजे काय, हे आज गावाकडच्या आजीलाही सांगावं लागत नाही. पार्सल दारात आलं, पैसे दिले, विषय संपला. आता यातला फक्त मधला शब्द बदलून बघा. ‘ऑन’च्या जागी ‘आफ्टर’ टाका. कॅश आफ्टर डिलिव्हरी. म्हणजे कधी? संध्याकाळी? पुढच्या आठवड्यात? की दिवाळी झाल्यावर? माल तर गेला, पण पैशाची तारीखच उरली नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. धंदा करायला अख्खं इंग्रजी व्याकरण यायची गरज नाही. पण ‘पेमेंट’ या शब्दाच्या पुढे काय लिहायचं, हे मात्र यायलाच पाहिजे.

अनेक जण इंग्रजी मेल लिहायला घाबरतात. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लागत नाही, तरी आपण सर्रास ‘डिस्कस अबाउट रेट’ लिहितो. लिहा की! समोरच्याला कळतं आणि तुमचा एक रुपया जात नाही. असल्या चुकांची लाज बाळगून ऑर्डर सोडू नका. पण कोटेशनच्या तळाशी पेमेंटची जी एक ओळ असते ना, तिथं निष्काळजीपणा नको. कारण तिथला छोटा शब्द थेट तुमचं भांडवल अडकवतो.

समजा, एक ताई कागदी पिशव्या बनवतात. १ जूनला त्यांचा माल पार्टीकडे पोचला. आता ओळ कशी लिहिली, त्यावर काय होतं ते बघा:

- पेमेंट विदिन ३० डेज: ३० दिवसांच्या आत. शेवटची तारीख १ जुलै. त्याआधी कधीही दिले तरी चालेल.
- पेमेंट आफ्टर ३० डेज: ३० दिवसांनंतर. म्हणजे १ जुलैपर्यंत मागायचंच नाही. आणि त्यानंतर कधीपर्यंत द्यायचे, हे लिहिलेलंच नाही.
- पेमेंट इन ३० डेज: कुणी याचा अर्थ ‘आत’ घेतो, कुणी ‘३० दिवस झाल्यावर’. वाद घालायला मोकळी जागा.
- पेमेंट बाय १ जुलै: १ जुलैला किंवा त्याआधी. एकदम स्वच्छ.

आपल्याकडे ‘आफ्टर’ एवढं का लिहिलं जातं? कारण आपण बोलतोच तसं. ‘महिन्याने पैसे देतो’, ‘तीस दिवसांनी या.’ तेच डोक्यात ठेवून इंग्रजी केलं की ‘आफ्टर’ येतं. दुसरा घोळ ‘पर्यंत’चा. ‘शनिवारपर्यंत पैसे द्या’ आणि ‘शनिवारपर्यंत दुकान बंद आहे’, मराठीत दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’ चालतो. इंग्रजीत पैसे द्यायच्या मुदतीला ‘बाय’ लागतं आणि दुकान बंद राहण्याला ‘टिल’. म्हणून ‘पेमेंट टिल सॅटर्डे’ लिहू नका, ‘पेमेंट बाय सॅटर्डे’ लिहा. ‘बाय’ आणखी एका कामाला येतो बरं का. ‘पेमेंट बाय चेक’, ‘पेमेंट बाय यूपीआय’. तिथं तो मुदत सांगत नाही, पैसे कशाने द्यायचे ते सांगतो.

आता सगळ्यात महाग शब्द. ‘फ्रॉम’. ३० दिवस, पण कधीपासून? ताईंनी बिल २८ मेला काढलं, माल १ जूनला पोचला आणि पार्टीच्या अकाउंट्सवाल्यांनी बिल २५ जूनला पास केलं. बिलाच्या तारखेपासून मोजलं तर २७ जून, माल पोचल्यापासून मोजलं तर १ जुलै, बिल पास झाल्यापासून मोजलं तर २५ जुलै. दिवस तेवढेच ३०, पण जवळजवळ महिन्याचा फरक. तोपर्यंत कागदवाल्याचे पैसे आणि बायांची मजुरी कोण देणार? ताईच ना!

कायद्यालाही हा शब्द महत्त्वाचा वाटतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पैशांसाठी मुदत दिली आहे. लेखी करार असेल तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत पार्टीने लेखी तक्रार केली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. मुदत चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. हे संरक्षण माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांना आहे, त्यासाठी उद्यम नोंदणी वेळेत करून ठेवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र उद्यम नोंदणी असूनही हा फायदा मिळत नाही. त्यामुळे आपल्यासारख्या दुकानदारांनी तर स्वतःची ओळ आणखी नीट लिहायला हवी.

काही जण म्हणतील, ‘आमचा धंदा ओळखीवर चालतो, एवढं लिहून दिलं तर पार्टी नाराज होईल.’ मला उलट वाटतं. ओळख बिघडते ती न ठरलेल्या तारखेवरून. तारीख ठरलेली असली की फोन करताना आवाज चढवावा लागत नाही. ‘दादा, आज १ तारीख आहे’ एवढं पुरतं. योग्य शब्द लिहिल्याने बुडवणारी पार्टी सुधारत नाही, हेही खरं. पण निदान कोणत्या दिवसापासून मागायचं हे तुम्हाला ठामपणे माहीत असतं.

एक सोपी सवय लावा. इंग्रजी ओळ लिहायच्या आधी ती मराठीत मोठ्याने म्हणा: ‘माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत.’ ‘पासून’ आणि ‘आत’ हे दोन्ही शब्द आलेच पाहिजेत. मग लिहा: ‘पेमेंट विदिन ३० डेज फ्रॉम द डेट ऑफ डिलिव्हरी.’ पार्टी इथलीच असेल तर सरळ मराठीत लिहून दिलं तरी काही बिघडत नाही. आणि पार्टीने स्वतःची परचेस ऑर्डर पाठवली तर आधी त्यातली पेमेंटची ओळ वाचा, रेट नंतर.

आज दुकान बंद करायच्या आधी आपलं शेवटचं कोटेशन उघडा आणि ‘पेमेंट’च्या पुढे काय लिहिलंय ते बघा. ‘आफ्टर’ दिसलं तर पुढचं कोटेशन जायच्या आत बदला.