सवलत कुणाच्या पदरची?

दसरा-दिवाळी जवळ आली की ऑनलाइन बाजारांचे सेल लागतात. पानभर जाहिराती येतात, पण ही सवलत देतंय कोण, हे त्यांत कुठेच छापलेलं नसतं. गिऱ्हाइकाला वाटतं, कंपनी देते. पुष्कळदा ती देत असतो कोल्हापुरात चपला शिवणारा कारागीर, सोलापुरात चादरी विणणारा, किंवा सांगलीत हळद दळून पाकिटं भरणारा बायकांचा बचत गट. जाहिरात बाजाराची आणि पदरमोड विक्रेत्याची, असा हा व्यवहार आहे. हाताने माल घडवणाऱ्याने सरसकट टक्क्यांच्या सवलतीत उतरू नये आणि त्याच्या संमतीवाचून त्याला उतरवण्याचा हक्क कुठल्याही बाजाराला असू नये, एवढं ठामपणे सांगण्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

आधी हिशेब. अस्सल कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची असते, ती खिळ्याशिवाय चामड्याच्या वादीने शिवली जाते. समजा, असा एक जोड ऑनलाइन 1,050 रुपयांना लावला आहे. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर आता 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 50 रुपये सरकारचे. उरलेल्या 1,000 मधून चामडं आणि मजुरीचे 480, खोका आणि पॅकिंगचे 40, दहा टक्के कमिशनचे 105, कुरिअर आणि इतर शुल्काचे 125 वजा करा. कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं असं धरू. हातात राहतात 250 रुपये.

आता हाच जोड सेलमध्ये वीस टक्के सवलतीने द्या. बिल होतं 840 चं, कर वजा जाता 800. कमिशन 84 वर येतं, पण चामडं, मजुरी, खोका आणि कुरिअर यांतला एक रुपयाही कमी होत नाही. हातात राहतात 71. भाव उतरला वीस टक्क्यांनी आणि कमाई उतरली सत्तर टक्क्यांहून अधिक. आधी दहा जोडांत जे 2,500 रुपये सुटत होते, ते सुटायला आता 36 जोड विकावे लागतील. सवलत दहा टक्क्यांवर ठेवली तरी 16.

इथेच कारखान्याच्या मालाची आणि हातकामाची वाट वेगळी होते. सुरतेहून किंवा चीनमधून गठ्ठ्याने माल उचलणारा व्यापारी सेलमध्ये चौपट खपेल म्हणून चौपट माल मागवतो, घाऊक भाव पाडून घेतो आणि सवलत तिथून भरून काढतो. कारागिराला हे जमणार कसं? पट्ट्याची वेणी घालणारे, कान शिवणारे हात तेच, दिवसही तेवढाच. ऑर्डरी तिप्पट आल्या तर माल वेळेवर जात नाही, खात्याचं रेटिंग घसरतं, काही ठिकाणी दंडही लागतो. सेलमध्ये सगळा माल खपला म्हणून आनंद व्हावा आणि सेटलमेंटचा आकडा बघून घरात शांतता पसरावी, हे अनेक छोट्या उद्योगांत घडतं.

त्यात परतीचा माल. चप्पल मापाची वस्तू, परत येणारच. सेलच्या भरात लोक दोन मापं मागवतात आणि एक परत पाठवतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल तर दारातूनच माघारी फिरतं. एका जोडाच्या जाण्यायेण्याचे 200 रुपये विक्रेत्यावर पडले, तर 71 रुपयांच्या हिशेबात जवळजवळ तीन जोडांची कमाई गेली. ठरलेल्या भावाला विकताना हाच फटका एका जोडातही भागला असता.

कायदा काय म्हणतो? परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांनी विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असं केंद्र सरकारने 26 डिसेंबर 2018 च्या प्रेस नोटमध्ये स्पष्ट लिहिलं. 1 फेब्रुवारी 2019 पासून ती लागू आहे. 13 जानेवारी 2020 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्यात मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकतं माप आणि भरमसाट सवलती हे मुद्दे होते. म्हणजे किंमत ठरवण्याचा हक्क कागदावर विक्रेत्याचा आहे. पण सेलमध्ये नसलेला माल यादीत खाली ढकलला जात असेल, तर त्या हक्काला कितीसा अर्थ उरतो? भाव उतरवा असं सांगायला फोन करावा लागत नाही. दिसणं बंद केलं की पुरतं.

आकड्यांचा खेळ गिऱ्हाइकाशीही होतो. 6 ऑक्टोबर 2014 रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला, आणि सेलआधी काही वस्तूंच्या किमती वाढलेल्या दिसल्याने लोक भडकले. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. ती खोड पुढे लहान विक्रेत्यांपर्यंत झिरपली. साडेतीनशेच्या वस्तूवर एमआरपी 1,499 छापायची आणि ‘77 टक्के सूट’ म्हणून मिरवायचं. हे करू नये, आणि इथे आडपडदा नको: ही फसवणूक आहे. अशाने खऱ्या किमतीवरचा विश्वास उडतो, आणि अस्सल माल योग्य भावाला विकणाराच गिऱ्हाइकाला लुटारू वाटू लागतो. ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणं तर केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या, म्हणून नोंदलेल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे.

कोल्हापुरीच्या बाबतीत ही लढाई दुहेरी आहे. रेक्झिनच्या चपला त्याच नावाने तीनचारशेत लावलेल्या असतात, त्यांच्याशी भावात स्पर्धा करायला गेलेला कारागीर हरतोच. त्याच्याजवळ दुसरं बळ आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जून 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर हुबेहूब तसे सँडल दाखवले, इकडे गदारोळ झाला, आणि मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. ज्या घडणीची मिलानला भुरळ पडते, ती गिऱ्हाइकापुढे मांडताना पहिली ओळ ‘वीस टक्के सूट’ अशी का असावी? तिथे चामडं कुठलं, कमावलं कसं, शिवलं कुणी हे लिहावं, आणि शिवणीचा जवळून काढलेला फोटो लावावा.

मग सवलत कधीच द्यायची नाही का? द्यायची, पण कारण बघून. पावसात कोल्हापुरी कुणी घालत नाही. मे अखेरीस उरलेली सुटी मापं गोदामात बुरशी धरण्यापेक्षा सवलतीत काढलेली बरी, कारण तिथे अडकलेलं भांडवल मोकळं होतं. दोन जोड एकत्र घेणाऱ्याला काही रुपये सोडावेत, कारण कुरिअरचा खर्च खरोखर वाचतो. त्या वाचलेल्या पैशांतला वाटा गिऱ्हाइकाला देणं रास्तच आहे. सवलत टक्क्यांत न देता रुपयांत द्यावी आणि किती नगांपर्यंत, तेही आधी ठरवावं.

सवलतीआधी खर्चात हात घालावा, तिथे पैसे निघतात. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं, ही त्यांची नेहमीची रीत. चपलेचा 32 बाय 20 बाय 11 चा खोका या हिशेबाने 1.41 किलोचा ठरतो, आतला जोड अर्ध्या-पाऊण किलोचा असला तरी. जोड उलटसुलट ठेवून तो 30 बाय 18 बाय 8 च्या खोक्यात बसवला तर तेच वजन 0.86 किलोवर येतं आणि भाड्याचा टप्पा बदलतो. विक्रेत्याला पैसे देताना बाजार जीएसटीपोटी अर्धा टक्का कापून ठेवतो, ती टीसीएस कपातही अनेकांच्या हिशेबातून सुटते. ती विक्रेत्याच्याच नावावर जमा होते. पोर्टलवर जाऊन ती मागून घ्यावी.

आता मागण्या. काही ठिकाणी सेलमधला सहभाग आधीच गृहीत धरलेला असतो आणि नको असेल तर विक्रेत्याने शोधून तो काढायचा असतो. ही पद्धत बंद व्हावी. विक्रेत्याने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याचा भाव एका रुपयानेही उतरू नये. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मालाचा क्रम कशावर ठरतो हे बाजाराला सांगावंच लागतं. सेलला नकार दिल्याने क्रम घसरतो का, याचं उत्तरही त्यात असलं पाहिजे. आणि गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या बिलावर सवलतीच्या दोन वेगळ्या ओळी असाव्यात: विक्रेत्याने सोडलेले रुपये इतके, बाजाराने सोडलेले इतके. बाजाराचा वाटा शून्य असेल, तर तिथे शून्य छापावा.