पाटी कोरी होते, पण फुकट नाही

हिंदी चित्रपटांनी आपल्याला चर्च दाखवलं ते ठरावीक साच्यातलं. पेटत्या मेणबत्त्या, ऑर्गनचे गंभीर सूर, पांढऱ्या झग्यातले फादर आणि लाकडी जाळीपुढे गुडघे टेकून गुन्हा कबूल करणारा कुणीतरी. त्यातून एक समज आपल्या मनात पक्का बसलाय. या लोकांचं बरं आहे! आठवडाभर हवी तेवढी पापं करायची, शनिवारी फादरच्या कानात सांगायची, की रविवारी पाटी कोरी!

खरंच इतकं सोपं असतं का ते?

मराठी कॅथलिक ज्याला पापनिवेदन म्हणतात आणि गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, तो चर्चच्या सात संस्कारांपैकी एक. वर्षातून निदान एकदा तरी प्रत्येक जाणत्या कॅथलिकानं पापांची कबुली द्यावी, असा नियम रोममध्ये १२१५ साली भरलेल्या धर्मपरिषदेनं घालून दिला. मधली जाळी मात्र बरीच नंतरची. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली.

जाळीपाशी जाण्याआधी स्वतःच्या मनाची झडती घ्यावी लागते. केल्याचा मनापासून पस्तावा हवा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. मग जे केलं ते नाव घेऊन सांगायचं. ‘काही चुका झाल्या असतील’ असं मोघम बोलून भागत नाही. त्यानंतर फादर देवाच्या नावानं क्षमा उच्चारतात आणि प्रायश्चित्तही देतात. प्रार्थना, उपवास, कुणाची तरी सेवा. जे ऐकलं ते फादरनी मरेपर्यंत पोटात ठेवायचं. गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला थेट बहिष्काराची शिक्षा आहे. याच पेचावर आल्फ्रेड हिचकॉकनं १९५३ साली ‘आय कन्फेस’ हा चित्रपट काढला होता. त्यातल्या फादरला खुनी ठाऊक असतो, पण संशय स्वतःवर आला तरी तो तोंड उघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्षमा मिळाली तरी झालेलं नुकसान भरून येत नाही, असं चर्चच सांगतं. चोरी केली असेल तर ऐवज परत करा. कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा स्वच्छ होईल असं काही करा. या शिकवणुकीचा विसर पडला की काय होतं, ते चर्चनं स्वतःच्या घरात पाहिलंय. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना अनेक देशांत वरिष्ठांनीच पाठीशी घातलं. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं. कितीही क्षमा मागितली, कितीही भरपाई केली तरी ती अपुरीच ठरेल, असं त्यांनी त्यात मान्य केलं.

ही झाली शिकवण. पण स्वतःच्या माणसाचा खुनी समोर उभा राहिला तर? हा प्रसंग आपल्याच देशात एका कुटुंबावर आला.

केरळातल्या पुल्लुवळी गावची सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत होती. बचत कशी करावी, सरकारी योजनेचा आणि बँकेचा पैसा कसा मिळवावा, हे ती गावोगाव शिकवायची. साहजिकच सावकारांची पकड सैल होऊ लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसनं इंदूरला निघाली होती. वाटेत समुंदर सिंह नावाच्या तरुणानं तिच्यावर सुरा चालवला. अंगावर चोपन्न जखमा झाल्या. भर रस्त्यात, बसमधल्या प्रवाशांच्या देखत तिनं प्राण सोडला. वय अवघं एकेचाळीस.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. ज्यांनी आपल्याला या कामाला भरीला घातलं त्यांचा सूड घ्यायचा, हेच तुरुंगात त्याच्या डोक्यात घोळत होतं. स्वामी सदानंद या नावानं ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. हळूहळू त्याच्या मनातला सूड विरघळला आणि त्या जागी पस्तावा आला.

२००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली. ज्या हातानं आपल्या बहिणीवर वार केले, त्याच हातावर तिनं राखी बांधली! पुढे त्यांची आईही त्याला भेटली. तिनं त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. मुलीचं रक्त लागलेले ते हात होते. त्या माउलीला त्या क्षणी काय वाटलं असेल, याची कल्पना आपण न केलेलीच बरी.

कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली, अकरा वर्षांच्या तुरुंगवासानंतर, तो बाहेर आला. सिस्टरच्या समाधीवर तो जाऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चनं राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही पायरी आहे.

समुंदर सिंह काही कॅथलिक नव्हता. तो कुठल्या जाळीपुढे गुडघे टेकायला गेला नव्हता. पण नीट पाहिलं तर पापनिवेदनातली एकेक पायरी तो चढला. केलं ते कबूल केलं, पस्तावला, शिक्षा भोगली, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभा राहिला. आणि सेल्मीनं क्षमा केली म्हणून खून झालाच नाही असं ठरलं नाही. कोर्टानं आपलं काम केलं, बहिणीनं आपलं केलं. न्याय आणि दया एकमेकांच्या आड आले नाहीत.

काहींना वाटेल, हे संतांचं काम, आपल्याला कुठलं जमायला? पण वाचकहो, आपल्या घरात खून होत नाहीत, लहानसहान वार मात्र रोज होतात. सुनेला चारचौघांत टाकून बोललेला शब्द, भावाच्या वाट्याची दाबून ठेवलेली जमीन, म्हाताऱ्या वडिलांशी धरलेला अबोला. यातलं काय केलं ते नेमकं सांगून ‘माझं चुकलं’ म्हणायचं आणि जमेल तेवढं भरून द्यायचं, यासाठी ना जाळी लागते ना फादर. समोरच्यानं ऐकून घेतलं, तर पाटी कोरी व्हायला वेळ लागत नाही. पण सुरुवात कुणी करायची, यातच आपली वर्षं निघून जातात.