पथकानं पडदे नव्हे, घड्याळ बघावं

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी सिस्टर होते. रुग्णालयाला दर्जाचं प्रमाणपत्र देण्याआधी तपासणीला पथक येणार म्हटलं की आमच्याकडे आधी पडदे बदलायचे, मग फायली. मला विचाराल तर पथकानं सरळ घड्याळ बघावं. केमोनं पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप आला, तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलंच पाहिजे. रात्री दोनला जातं का? केसपेपरच्या रांगेत सरलेला तास कुठल्या रकान्यात लिहिणार?

दुसरं, व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध. हे शिरेतूनच द्यायचं. चुकून मणक्यातून गेलं तर बहुधा जीवच जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, सिरिंज नको, सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्या. खर्च किरकोळ, पण सवय मोडायची कोणी?

याच संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं, २०३० पर्यंत जगातली कॅन्सर झालेली निदान ६० टक्के मुलं वाचवायची. मग उपचार अर्धवट टाकून गावी गेलेली मुलंही मोजा की! त्यांच्या आईबापांना फोन करायला पगारी माणूस नेमलाय का, ते विचारा. नसेल, तर प्रमाणपत्र देऊ नका.