सरसकट खरवडण्याचा हिशेब

पुण्यात आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणाची भिंत आणि बसथांबा यांच्यामध्ये हातभर रुंदीची मातीची एक पट्टी आहे. पावसाळ्यात तिच्यावर जे उगवते त्यास आपण सारेच ‘गवत’ म्हणून मोकळे होतो. आषाढात एके दिवशी बस लवकर येईना, तेव्हा दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या पट्टीची मोजदाद केली. आघाडा, टाकळा, माका, दगडी पाला, गाजरगवत आणि भिंतीच्या फटीत पिंपळ! विद्यार्थ्यांना ओळखता आला तो एकटा पिंपळ. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसांनी फावड्याने ती पट्टी साफ खरवडून काढली.

स्वच्छतेस कोणाचा विरोध असणार? परंतु ही स्वच्छता आंधळी आहे. आषाढात जो आघाडा आपण पैसे देऊन उपटवतो, तोच श्रावणात दूर्वांच्या जुडीसोबत पैसे मोजून विकत घेतो. टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी मंडईत वाट्याने विकली जाते. ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिला मूल्यही नाही, हा समज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी बाळगू नये.

परके म्हणून हाकला, देशी म्हणून राखा, हा निकषही पुरेसा नाही. खरचटल्यावर ज्याचा रस लावतात तो दगडी पाला मूळचा अमेरिका खंडाचा आणि गाजरगवतही तिकडचेच. गाजरगवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नजरेस आले. लोकांनी त्यास ‘काँग्रेस गवत’ म्हटले आणि पी. एल. ४८० च्या गव्हावर दोष ठेवला. तो करार मात्र ऑगस्ट १९५६ मधला. अमेरिकेचा गहू त्याआधी, १९५१ पासूनच, कर्जाऊ येत होता. म्हणजे सारे खापर त्या एका कराराच्या माथी फोडणे न्याय्य नव्हे.

दोषाची वाटणी काहीही होवो, आजचा प्रश्न त्याच्या प्रसाराचा आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या संसर्गाने अंगावर चट्टे उठतात, दम्याचा त्रास वाढतो. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८४ साली मेक्सिकोतील भुंगे बंगळूर येथे आणून सोडण्यात आले. असे हे गवत सर्वांत जोमाने फोफावते ते उकरलेल्या, उघड्या जमिनीवर. उलट टाकळा आणि त्याच्या गोत्यातील काही वनस्पती दाट वाढून त्यास मागे रेटतात. तेव्हा सरसकट फावडे चालवणे म्हणजे चोरास मोकळे रान देण्यासाठी राखणदारालाच हुसकावणे होय, आणि तेही आपल्याच खर्चाने.

उपाय अवघड नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. भिंतीतला पिंपळ लहानपणीच काढावा; पूज्य असला तरी तो भिंत फोडल्यावाचून राहत नाही. बाकीच्यांना मात्र सुखाने राहू द्यावे. ही निवड करावयाची तर झाडे ओळखता आली पाहिजेत आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांनी वर्षाकाठी एक तास, पावसाळ्यात, कुंपणाच्या कडेला घ्यावा. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याची नोंद जमाखर्चाच्या कोणत्या बाजूस करावयाची हे कसे कळणार?