कुलगुरूंचे कागद रद्दी नव्हेत



‘माजी कुलगुरूंचे जुने कागद सांभाळण्यात विद्यापीठांनी पैसा घालवू नये’ हे गेल्या आठवड्यातले पत्र वाचून संताप आला. कारभार परिपत्रकांवर चालतो, असे पत्रलेखक म्हणतात. परिपत्रकात नुसता निर्णय असतो. तो का झाला, कोणी दबाव आणला, कोणी विरोध केला, हे कुलगुरूंच्या पत्रव्यवहारातच सापडते.

बॅ. मुकुंदराव जयकर पाहा. १९३० साली सर तेजबहादूर सप्रूंबरोबर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी बोलणी करणारे जयकर १९४८ मध्ये, वयाची चौऱ्याहत्तर वर्षे उलटल्यावर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९५६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीने ते जपले, हे उपकारच. पण ते टिकले राष्ट्रीय पुढाऱ्याचे म्हणून. जे फक्त कुलगुरू होते, त्यांच्या कपाटांचा वाली कोण?

सोलापूर जिल्ह्यातल्या आम्हा अकलूजकरांना हे जास्त बोचते. सोलापूर जिल्हा आधी पुणे विद्यापीठात होता, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेला आणि २००४ मध्ये त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. उसाच्या पट्ट्यात महाविद्यालये कशी उभी राहिली, कोणाला विज्ञान शाखा मिळाली, कोणाचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला, हे शोधायचे तर तीन शहरांतली दप्तरे उघडावी लागतील. ती असली तर!

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार. त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली, विद्यापीठाने ती छापली. तो पैसा वाया गेला, असे पत्रलेखकांनी छातीवर हात ठेवून सांगावे. राणीचा कागद मोलाचा आणि कुलगुरूंचा तेवढा अडगळीचा, हा कुठला न्याय?

सोलापूरचे विद्यापीठ अजून तरुण आहे, त्यामुळे पहिल्या कुलगुरूंपासूनची पत्रे आणि टिपणे आजही मिळवता येतील. पायउतार होताना कुलगुरूंनी आपले कागद आणि ई-मेल ग्रंथालयाच्या हवाली करावेत, असा ठराव अधिसभेने येत्या बैठकीतच करावा. गोपनीय भाग हवा तर वीस वर्षे कुलपात ठेवा, पण नष्ट करू नका.

कागदांची ही हेळसांड विद्यापीठांपुरतीच नाही; तालुक्याच्या गावांतली वाचनालये तरी काय करतात? जागा नाही म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात. १९७२ च्या दुष्काळातली खडीची कामे, कारखान्यांच्या निवडणुका, शाळांची उद्घाटने, सगळे किलोच्या भावाने. वाचनालयांना अनुदान देताना शासन पुस्तकांची संख्या विचारते, तशी जुन्या अंकांची यादीही मागावी आणि अंक विकणाऱ्यांचे अनुदान रोखावे.

— एक निवृत्त प्राध्यापक, अकलूज (ता. माळशिरस)