गळतीची वेळ पाहावी

चातुर्मासात पाणी गाळल्याखेरीज घ्यायचे नाही, आणि वॉशिंग मशीनखाली मात्र पंधरा दिवस थारोळे साचत होते. सासूबाईंनी फरशी पुसताना एवढेच विचारले, “हे अप्काय कोणाच्या खात्यावर मांडायचे?” सेकंदाला एक थेंब धरला, तरी दिवसाचे ८६४०० थेंब होतात.

आलेल्या कारागिराने मशीन न उघडताच ‘ड्रमचे सील गेले’ असे सांगून मोठी रक्कम मागितली. व्यापाऱ्याच्या घरात माल पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. त्यामुळे आम्हीच पाहायचे ठरवले.

मशीन पुढून दाराचे. त्याखाली कोरडी वर्तमानपत्रे पसरून मी एक पूर्ण धुलाई संपेपर्यंत समोर बसले. गळतीची वेळच तिची जागा सांगते. मशीन बंद असतानाही कागद भिजला, तर नळाकडच्या जोडातील वायसर पाहावा. धुताना दारातून ओघळ आला, तर दाराच्या रबराची घडी पुसून, चीर आहे का ते पाहावे. पाणी बाहेर पडतानाच गळले, तर निचऱ्याची नळी. पावडरच्या खणातून फेस येत असेल, तर ती गळती नव्हे, पावडरची उधळपट्टी! मात्र पिळताना मशीन घरघरते आणि पाठीमागून ठिबकते, तेव्हा कारागिरालाच बोलवावे.

आमचा कागद भिजला तो पुढच्या कोपऱ्यात, आत पाणी असेपर्यंत सतत. तेथे फिल्टरचे झाकण असते. कोरड्या हाताने बटण बंद करून प्लग काढला, नळ बंद केला, पसरट ताट लावून झाकण हळूहळू फिरवले. (गरम पाण्याची धुलाई असेल, तर आधी निवू द्यावे.) आत निघाले एक नाणे, सेफ्टी पिन आणि मंदिरात वाहायला नेलेले, सदऱ्याच्या खिशात राहून गेलेले तांदूळ. एक दाणा झाकणाच्या रबरी कडीखाली अडकला होता. कडी पुसली, झाकण सरळ बसवून घट्ट केले. कपड्यांविना मशीन चालवले. कागद कोरडा राहिला.

मनाला लागले ते निराळेच. मशीन सरकवले तेव्हा भिंतीच्या कडेला हिरवे शेवाळ धरलेले दिसले. अनंतकायच ते. पहिल्याच दिवशी पाहिले असते, तर ते उपजलेच नसते. आता ते खरवडावे की सुकू द्यावे, यावर घरात एकमत झाले नाही; तेवढी जागा कोणी तुडवू नये म्हणून पाट आडवा लावून ठेवला आहे.

मशीनवर आता एक वाटी असते. सदऱ्यांचे खिसे सासूबाई स्वतः उलटे करतात.