नाबोथाचा मळा आणि जळगावची घरकुले

"खात असेल, पण काम करतो ना?"

हे वाक्य आमच्या खानदेशात मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की आता ती म्हणच झाली असावी. धुळ्याच्या पाचकंदिलावर, जळगावच्या गोलाणी मार्केटात, एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. अहिराणीत तर ते आणखी गोड लागते, "खास ते खास, पन काम करस ना भो!" ऐकणारा हसतो, मान डोलावतो आणि विषय संपतो.

माझा एक पुतण्या जळगावला असतो. शिकलेला, सुस्वभावी, व्यसन नाही. मागच्या महिन्यात फोनवर तो मला म्हणाला, "नाना, तुम्ही पडले मास्तर. नीतिमत्ता तुमच्या पेपरात दहा मार्कांना ठीक आहे. राज्य चालवायला वेगळं शास्त्र लागतं." मी तोंडी उत्तर दिले, ते त्याला पटले नाही. म्हणून हे लेखी.

त्याचे म्हणणे आधी सरळ मांडतो, नाहीतर म्हणेल नानांनी सोयीचे तेवढे घेतले. तो म्हणतो, जळगावला व्यापारी संकुले झाली, सतरा मजली नगरपालिकेची इमारत उभी राहिली, ती बघायला बाहेरगावची माणसे येत. हे करायला धडाडीचा माणूस लागतो. धडाडीच्या माणसाचे हात थोडे मळतात. हात स्वच्छ ठेवणारा काहीच करत नाही. थोडक्यात, पोथीवाला नको, कर्तबगार हवा.

ठीक आहे. आता त्याच्याच गावची गोष्ट बघू.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने (महापालिका पुढे २००३ साली झाली) झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी ११,००० हून जास्त घरकुले बांधायची योजना घेतली. हुडकोचे कर्ज काढले. ठेका 'खान्देश बिल्डर्स'ला मिळाला. पूर्ण झालेली घरे निघाली १,५०० च्या आसपास. फेब्रुवारी २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. सुमारे २९ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचे ते प्रकरण. मार्च २०१२ मध्ये सुरेश जैन यांना अटक झाली. हे गृहस्थ १९८० पासून जळगावचे आमदार आणि एकेकाळी राज्याचे गृहनिर्माण मंत्री! घरे बांधण्याचेच खाते. दोन महिन्यांनी गुलाबराव देवकरांना अटक झाली, ते तर तेव्हा राज्यमंत्री होते. खटला आमच्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ ला निकाल लागला आणि ४८ जण दोषी ठरले. जैन यांना ७ वर्षे आणि १०० कोटी रुपये दंड, देवकरांना ५ वर्षे. माजी नगराध्यक्ष, आजी-माजी नगरसेवक अशी सगळी मंडळी त्या यादीत होती. निकालाविरुद्ध अपिले झाली, जामीनही झाले. अपिलाचे काय ते न्यायालय बघेल, त्यात माझ्यासारख्याने तोंड घालू नये.

मला जो आकडा झोपू देत नाही तो १०० कोटींचा नव्हे, ४८ चा. एखादा माणूस लोभी निघाला हे समजू शकते. ४८? माझ्या वर्गात साधारण तेवढीच मुले असत. फळ्यावर माझे गणित चुकले तर त्या ४८ मध्ये एक तरी पोर उठायचे. "सर, हातचा राहिला." बहुधा मागच्या बाकावरचेच. मग नगरपालिकेच्या सभागृहात हातचा राहतो आहे हे एवढ्या मोठ्या माणसांत कोणी उठून का सांगितले नाही? पुतण्या म्हणेल, सांगून उपयोग नव्हता. पोरालाही मार बसायची भीती असतेच की.

दुसरी गोष्ट काळाची. काम सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत वीस वर्षे गेली. ज्या बाईच्या नावाचे घर व्हायचे राहिले, तिचे कडेवरचे पोर निकालाच्या वेळी मतदार झाले होते. कायदा येतो, नाही असे नाही, पण तो मागून येतो. पंगत उठल्यावर. सही करायला पेन उचललेला असताना जे हात अडवते ते कायद्याच्या आधीचे काहीतरी असते. ते माणसात नसेल तर कोर्टाला बिचाऱ्याला उष्ट्या पत्रावळीच मोजाव्या लागतात.

हे "आधीचे काहीतरी" म्हणजे काय, ते मला माझ्या श्रद्धेच्या भाषेतच सांगता येईल. नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहेच, इतरांसाठी सांगतो, आम्ही ख्रिस्ती. पवित्र शास्त्रातल्या जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची गोष्ट आहे. रविवारच्या शाळेत मुलांना ही गोष्ट सांगताना आपण ती फार घाईने उरकतो असे माझे मत आहे. ती खरे तर नगरपालिकेत सांगायला हवी.

इज्रेल गावी राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने रीतसर विचारले. बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. मोबदला वाईट नव्हता बरे का! नाबोथाने नाही म्हटले, कारण जमीन वाडवडिलांची. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. राजा घरी आला, भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. लहान पोरासारखा! येथवर अहाब वाईट नाही, नुसता रुसलेला आहे. कारण त्याला ठाऊक आहे की आपण राजा असलो तरी ही जमीन आपल्याला हिसकावता येत नाही.

मग राणी ईजबेल येते. ती परदेशची राजकन्या. तिच्या माहेरी राजाचा शब्द म्हणजेच कायदा. तिला हे रुसणे कळतच नाही. राज्य तूच करतोस ना, असे ती त्याला विचारते. माझ्या पुतण्याचे "वेगळे शास्त्र" ते हेच. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहोर लावली आणि गावच्या वडीलमंडळींना पाठवली. उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला पुढे बसवा, दोन साक्षीदार उभे करा, देवाची आणि राजाची निंदा केली म्हणून दगडमार करा. सगळे यथासांग झाले. पत्र आहे, मोहोर आहे, सभा आहे, कायद्याला लागतात तेवढे दोन साक्षीदार आहेत. फाईल अगदी पूर्ण. नाबोथ मेला आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

त्या गावच्या वडीलमंडळींत एकाने तरी पत्र परत पाठवावे? एकानेही नाही. तिथे किती जण होते ते शास्त्रात लिहिलेले नाही.

मळ्यात राजाला गाठतो तो एलीया संदेष्टा. त्याच्याकडे फौज नाही, मते नाहीत. तो राजाला तोंडावर खुनी आणि दरोडेखोर ठरवतो. राजा त्याला आपला वैरी म्हणतो. आजच्या भाषेत, हा विरोधकांनी पाठवलेला माणूस. प्रत्येक काळात हेच उत्तर असते.

या गोष्टीतला जीव कशात आहे? अहाब नालायक होता म्हणून ती लिहिलेली नाही. शोमरोनात त्याने बांधलेला हस्तिदंती महाल शास्त्रातच नोंदवलेला आहे, त्याने वसवलेल्या नगरांचाही उल्लेख आहे. सतरा मजली म्हणा ना. पण त्याच्या नावाने लोकांच्या लक्षात काय राहिले? एका सामान्य माणसाचा भाजीच्या वाफ्याएवढा मळा. राजाच्या डोक्यावरही एक धनी आहे आणि त्याच्या हिशेबवहीत इमारतींनी माणसाची वजाबाकी भरून निघत नाही, एवढे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

अनुवादात आणखी एक नियम आहे, तो मास्तर म्हणून मला फार आवडतो. राजा गादीवर बसला की त्याने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, जवळ ठेवावी आणि जन्मभर रोज वाचावी. कशासाठी? तर त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढू नये म्हणून. घोडे, बायका, सोनेनाणे यांची रास लावू नये हेही तिथेच लिहिले आहे. शाळेत आम्ही मुलांना दहा वेळा लिहून आणायला सांगायचो, त्यातला प्रकार. आमच्याकडे मंत्री शपथ वाचून दाखवतात. वाचणे आणि लिहून काढणे यात काय फरक आहे ते कोणत्याही शिक्षकाला विचारा.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, नाना, म्हणजे तुम्हाला ख्रिस्ती राज्य पाहिजे. मुळीच नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे राज्य या देशाने दीडशे वर्षे पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली जो कारभार चालला, त्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी उघड लिहिले. त्या स्वतः ख्रिस्ती, सरकार आपल्याच धर्माचे, परदेशी मित्र त्याच मंडळींतले. गप्प बसायला किती सोयीचे होते! पण तत्त्व आपल्या माणसांवर चालवले नाही तर ते तत्त्व कसले? तो नुसता पक्ष झाला. मंडळीच्या जमिनींचे व्यवहार कसे झाले यावर आमच्यातही कोर्टकचेऱ्या चालतात, आणि प्रार्थनेने सुरू झालेल्या सभेत हिशेब विचारणाऱ्याला खाली बसवले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ईजबेलीनेही आधी उपासच जाहीर केला होता.

आणि हे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मक्त्याचे आहे असेही नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. गुरुजी म्हणजे अमळनेरच्या शाळेतले मास्तर, आमच्याच पेशातले. तिथे बसलेल्या माणसांनी काही घेतले नव्हते, असलेले सोडले होते. त्याच धुळ्याच्या कारागृहात ऐंशी वर्षांनी घरकुल प्रकरणातले पुढारी आले. तुरुंगाला काय, तो दोघांनाही आत घेतो.

पुढाऱ्यांबद्दल इतके बोललो. लोकांचे काय? निवडणुकीच्या कामावर मी कितीदा तरी गेलो आहे, मतदान केंद्राध्यक्ष म्हणूनही. मतदाराच्या बोटाला शाई लागते तशी रात्री कोणाची नोट लागली ते दिसत नाही, पण गावात कोणाला ठाऊक नसते? नोट घेणारा म्हणतो, "तो आमचाच पैसा आहे, परत घेतो." युक्तिवाद म्हणून हुशार आहे. पण नोट घेतली की "खातो" असे म्हणायचा हक्क गेला, उरते ते "काम करतो ना". वाक्याचा दुसरा अर्धा भाग जन्मतो तो इथे.

मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत पैसे असल्याचा आरोप करून माजी आमदार अनिल गोटे दाराशी ठाण मांडून बसले. रात्री खोली उघडली तेव्हा १ कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड निघाली. कोणाची, कशासाठी, याबद्दल आरोप झाले आणि ते नाकारलेही गेले. त्यावर मी काही ठरवणार नाही. मला खटकले ते दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ऐकलेले बोलणे. "एवढेच?" असे विचारत लोक हसत होते! ज्या गावाला अशा बातमीचे हसू येते त्या गावात उद्या कोणी एलीया आलाच तर त्याला चहासुद्धा मिळायचा नाही.

नव्या करारातला जक्कय मला या सगळ्यात आठवतो. यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सरकारच्या दृष्टीने तो कर्तबगारच असणार, वसुली चोख, म्हणूनच मुख्य झाला. खात होता आणि काम करत होता. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने उभे राहून सांगितले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो. सत्कार नाही, खुलासा नाही, "माझी बदनामी झाली" नाही. सरळ आकडा सांगितला.

आमच्याकडे चौपट राहू द्या, मुद्दलसुद्धा कोणी आपण होऊन आणून दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हुडकोच्या कर्जाचे हप्ते मात्र जळगाव महापालिका वर्षानुवर्षे भरत राहिली. त्यातली घरपट्टी माझ्या पुतण्याचीही होती.